डबलसीटची बंदी, हेल्मेटला फटका

मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे, असे सांगितले की सातारा-सांगलीकडे आजही एक उत्तर हमखास मिळते : ‘कोरोनात नवरा-बायकोला एका गाडीवर बसू दिलं नव्हतं, त्यातलाच हा एक.’ हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यामागचा राग खरा आहे आणि बराचसा रास्तही.

२०२०च्या मे ते जुलै या काळात राज्यात दुचाकीवर फक्त चालकाला परवानगी होती. त्याच आदेशांत मोटारीत चालकासह तिघे चालत होते, रिक्षातही तिघे. जिल्ह्यांतर्गत एसटी निम्म्या आसनांवर सुरू झाली होती. म्हणजे काचा लावलेल्या मोटारीत तिघांनी एकमेकांचा श्वास घेतला तर चालेल, पण रात्री एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघांनी उघड्या वाऱ्यात एका सीटवर बसायचे नाही! माण, आटपाडी किंवा जतकडच्या माणसाला हे कसे पटावे? तिकडे मोटारसायकल म्हणजे घरातली एकुलती गाडी. गरोदर सुनेला तपासणीला न्यायचे, म्हाताऱ्या वडिलांना मिरजेला किंवा कराडला डॉक्टरकडे दाखवायचे, तर डबलसीटशिवाय पर्याय नसतो. गाडी न चालवणाऱ्या बाईसाठी तर ही बंदी म्हणजे घराबाहेर पडायचीच बंदी होती.

विषाणूच्या बाजूने पाहिले तरी हिशेब जुळत नाही. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत साचत जातात, मोकळ्या हवेत ते चटकन विरळ होतात. अमेरिकेतल्या स्कॅजिट खोऱ्यात मार्च २०२०मध्ये एका समूहगायनाच्या सरावाला ६१ जण जमले, त्यातले ५०हून अधिक आजारी पडले. बंद सभागृह, अडीच तासांचे गाणे आणि एक बाधित, एवढे पुरले. इतक्या लांबचा दाखला नको असेल तर इस्लामपूर आहे. सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे मार्चअखेरीस बाधित निघाले आणि रुग्णसंख्या २६पर्यंत गेली. त्यातले बहुतेक घरातले आणि नात्यातलेच होते. संसर्ग घराच्या भिंतींच्या आत होतो, हे सांगली जिल्ह्याने बंदी येण्याआधीच पाहिले होते. एका घरातली दोन माणसे गाडीवर वेगळी केल्याने विषाणूचे काहीही बिघडत नव्हते.

मग नियम का आला? त्यालाही कारण होते. नाक्यावरच्या हवालदाराला गाडीवरचे दोघे एका घरातले आहेत की नाहीत, हे कळणार कसे? शिवाय माणसे कमीत कमी बाहेर पडावीत, हा खरा हेतू होता. दोन-तीन आठवड्यांसाठी असा ढोबळ नियम समजू शकतो. पण ‘फिरणे कमी व्हावे म्हणून’ असे स्पष्ट सांगण्याऐवजी ‘सुरक्षित अंतरासाठी’ असे सांगितले गेले, आणि तिथेच लोकांचा विश्वास उडाला. फिलिपिन्समध्ये तर जुलै २०२०मध्ये गाडीवरच्या जोडप्यांमध्ये आडवा पडदा बसवण्याची सक्ती झाली. वाऱ्यात त्या पडद्यामुळे गाडीचा तोल जाईल, असे जाणकार ओरडून सांगत होते. महिन्याभरात ती सक्ती मागे घ्यावी लागली.

आपल्याकडे ऑगस्टपासून मास्क आणि हेल्मेटसह दोघांना परवानगी मिळाली. तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत लग्नाला २५ माणसे आणि दोन तास, ही मर्यादा आली. बंद कार्यालयातली गर्दी, जेवणाची पंगत, मास्क खाली ओढून मोठ्याने चाललेल्या गप्पा पाहता ती अगदी योग्य होती. पण ‘हे असंच असतं’ म्हणून तीही अनेकांनी झटकून टाकली. त्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या २२ जिल्ह्यांना सवलती मिळाल्या, तेव्हा सातारा आणि सांगली मात्र निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत होते. हे सारे लोकांच्या बेफिकिरीमुळे झाले, असे म्हणणे सोपे आहे. तेवढेच खरे नाही.

आता त्याची किंमत हेल्मेट मोजते आहे. मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटची सक्ती कायद्यात महासाथीच्या कितीतरी आधीपासून आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी ती काटेकोर राबवण्याचे आदेश दिले, तेव्हा ओरड झाली ती अगदी डबलसीट बंदीच्या वेळची. पण ही गोष्ट निराळी आहे. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की, हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. मागे बसलेल्याला तर धरायला हँडलही नसते आणि समोरचा खड्डाही दिसत नाही. साडी नेसून एका बाजूला बसलेली बाई झटक्यासरशी खाली येते ती बहुधा डोक्यावरच.

हे दंडाच्या पावतीवर लिहून पटणार नाही. पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत अपघाताची नोंद होतेच. तीत मागे कोण बसले होते, हेल्मेट होते का आणि डोक्याला मार लागला का, एवढे तीन रकाने वाढवावेत, आणि दर महिन्याची बेरीज त्या त्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर फळ्यावर लावावी. सक्तीची मोहीम त्यानंतर काढावी.