कुसळे वेचणारे रसिक

जेवावयास बसलेला मनुष्य पहिल्या घासापासून भातातले खडे मोजू लागला, तर त्यास खडे पुष्कळ सापडतील. मात्र जेवण घडणार नाही. हॉलिवूडच्या जुन्या बोलपटांविषयी हल्ली जे बोलले जाते, त्यातील बराचसा भाग या जातीचा आहे. पूर्वी चित्रपट सेकंदास २४ चौकटींच्या वेगाने डोळ्यांपुढून निघून जाई व प्रेक्षकाच्या हाती आठवण तेवढी उरे. आता तो घरच्या पडद्यावर वाटेल तेथे थांबविता येतो, मागे नेता येतो, एकेक चौकट न्याहाळता येते. सोय उत्तम आहे यात शंका नाही. परंतु तिच्या पाठोपाठ चुकांची टिपणे करणारा एक वर्ग उदयास आला असून, त्याच्या वहीपुढे एकही जुनी कृती निर्दोष उरलेली नाही. या वर्गाशी आमचे थोडे भांडण आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, या मंडळींनी दाखविलेल्या चुका बहुधा खऱ्या असतात. १९४२ सालच्या ‘कॅसाब्लँका’मध्ये पॅरिसच्या स्टेशनावर नायक रिक भर पावसात चिंब भिजतो आणि लगेच गाडीत चढताना त्याचा कोट कोरडा ठणठणीत दिसतो. हिचकॉकच्या १९५९ सालच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये उपाहारगृहात पिस्तुलाचा बार होण्यापूर्वीच मागे बसलेला एक मुलगा कानांत बोटे घालतो. १९४६ सालच्या ‘द बिग स्लीप’मध्ये मोटारचालकाचा खून कोणी केला, हे शेवटपर्यंत कळत नाही, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स याने मूळ कादंबरीकार रेमंड चँडलर याजकडे विचारणा केली, तेव्हा त्यासही ते सांगता आले नाही! हे सारे मान्य. प्रश्न एवढाच की, यास दोष म्हणावे काय?

आपल्याकडे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त दोषाची व्याख्या करताना मोठी मार्मिक मर्यादा घातली आहे. जे मुख्य अर्थाचा घात करते तोच दोष, आणि काव्यात मुख्य म्हणजे रस. आनंदवर्धनाने तर त्याच्याही आधी असे म्हणून ठेवले आहे की, माहितीच्या उणेपणामुळे झालेली चूक कवीची प्रतिभा झाकून टाकते; प्रतिभेच्याच अभावी झालेली चूक मात्र तत्काळ उघडी पडते. हा न्याय बोलपटांस लावून पाहावा. रिकचा कोट कोरडा असल्यामुळे त्याच्या विरहाची धार किंचित तरी बोथट होते काय? होत नसेल, तर ती चूक खरी असूनही दोष या पदवीस पोहोचत नाही.

शिवाय अशा चुका का राहतात, हेही समजून घेतले पाहिजे. एकच प्रसंग निरनिराळ्या कोनांतून अनेकदा चित्रित होतो. अखेरीस संकलकापुढे चार तुकडे येतात. एकात प्याला योग्य जागी असतो पण नटाचा चेहरा निर्जीव. दुसऱ्यात चेहरा बोलका पण प्याला सरकलेला. संकलकाने काय निवडावे? विख्यात अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च याने आपल्या ग्रंथात याचे प्रमाणच देऊन ठेवले आहे. भावनेस शंभरांपैकी ५१ गुण, कथेस २३, आणि वस्तू व माणसे जागच्या जागी जुळण्यास सर्वांत शेवटी अवघे ४. ज्यास टीकाकार निष्काळजीपणा समजतो, ती पुष्कळदा जाणतेपणाने केलेली निवड असते.

कधी कधी तर टीकाकारच घाई करतो. १९४१ सालच्या ‘सिटिझन केन’मध्ये मरणोन्मुख केनचा अखेरचा शब्द ऐकावयास खोलीत कोणीच नव्हते, मग तो जगास कळला कसा, असा आक्षेप हमखास घेतला जातो. परंतु तो शब्द आपण ऐकला, असे केनचा कारभारी चित्रपटाच्या उत्तरार्धात स्पष्टपणे सांगतो. तसेच १९३९ सालच्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधील बुजगावण्याचे. ते भूमितीचा प्रसिद्ध सिद्धांत मोठ्या ऐटीत म्हणते. पण काटकोन त्रिकोणाचा नियम समद्विभुज त्रिकोणास लावते आणि वर्गाच्या जागी वर्गमूळ घालते. गणित चुकले, हे खरे. परंतु जादूगाराने त्यास बुद्धी दिलेली नसून पदवीचा कागद दिलेला आहे! लेखकांनी हे मुद्दाम केले असो वा नसो, ज्या घरांच्या भिंतींवर पदव्यांच्या तसबिरी टांगलेल्या आहेत, त्यांस यातील विनोद समजावून सांगण्याची गरज नसावी.

‘कॅसाब्लँका’वर मोठा आक्षेप असा की, ज्या परवानापत्रांपायी सारे कथानक घडते, तसली पत्रे प्रत्यक्षात कधी नव्हतीच, ती नाटककारांच्या कल्पनेतून आली. अगदी बरोबर. परंतु १९४० च्या सप्टेंबरात वॉल्टर बेंजामिन हा जर्मन ज्यू विचारवंत फ्रान्समधून निसटून स्पेनच्या सीमेवरील पोर्तबू गावी पोहोचला. त्याजजवळ अमेरिकेचा परवाना होता. फ्रान्स सोडण्याचा नव्हता. एवढ्या एका कागदावाचून त्यास अडविण्यात आले आणि तेथेच त्याचा अंत झाला. कागद कल्पित असेल, कागदावाचून जाणारा जीव कल्पित नव्हता. या चित्रपटात फ्रेंच राष्ट्रगीत गाताना जिच्या डोळ्यांत अश्रू तरळतात, ती मादलेन लेबो स्वतः १९४० साली जर्मन फौजांपुढून पळालेली निर्वासित होती. असा चेहरा समोर असता कोटाच्या ओलेपणाचा हिशेब करणाऱ्यास काय म्हणावे?

येथे कोणी विचारील, मग जुन्या चित्रपटांस दोषच नाहीत काय? आहेत, आणि आमची खरी तक्रार येथेच आहे. जॉन फोर्डच्या १९३९ सालच्या ‘स्टेजकोच’मध्ये पाठलाग करणारे अपाची गाडीच्या घोड्यांवरच गोळ्या का झाडीत नाहीत, हा प्रश्न हौसेने विचारला जातो. तसे केले असते तर चित्रपट तेथेच संपला असता, असे उत्तर फोर्डने दिल्याचे सांगतात. परंतु त्या अपाचींपैकी एकासही गोष्टीत स्वतःचे दुःख वा स्वतःची बाजू का नाही, हा प्रश्न घोड्यांचा हिशेब करणाऱ्यास सुचत नाही. त्याच वर्षीच्या ‘गॉन विथ द विंड’ने गुलामगिरीच्या काळास रम्य सोनेरी मुलामा दिला. त्यात दासीचे काम करून ऑस्कर मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय नटी हॅटी मॅकडॅनियल हिला वर्णभेदाच्या नियमांमुळे अटलांटातील पहिल्या खेळास हजर राहता आले नाही, आणि १९४० साली पारितोषिकाच्या समारंभात वेगळ्या मेजावर बसावे लागले. हा रसाचाही घात आहे आणि न्यायाचाही. २०२० साली एका अमेरिकन संस्थेने हा चित्रपट काही दिवस मागे घेऊन, जाणत्या अभ्यासिकेच्या प्रास्ताविकासह पुन्हा दाखविण्यास ठेवला. हा मार्ग आम्हांस पसंत आहे. प्रेम करावे, पण डोळे उघडे ठेवून.

कुसळ टिपणाऱ्यास मुसळ दिसत नाही, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नजर जेथे लावावी तेवढेच तीस दिसते. आमची चिंता चित्रपटांपुरती नाही. ज्या घरात तरुण मंडळींस प्रत्येक गोष्टीत प्रथम चूक शोधण्याची सवय लागते, तेथे आजीच्या गोष्टीसही उलटतपासणी सोसावी लागते, आणि मग आजी गोष्टी सांगणेच सोडून देते.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. पुढील सुटीच्या दिवशी यांपैकी एखादा बोलपट घरातील लहानथोरांनी मिळून, मध्ये न थांबविता, अखेरपर्यंत पाहावा. चर्चा चहाच्या वेळी अवश्य व्हावी, कडाक्याचीही व्हावी. कोणी कोरड्या कोटाचा विषय काढला, तर त्यास हसून एक गुण द्यावा. आणि अपाचींस बाजू का नाही, असे ज्या मुलाने वा मुलीने विचारले असेल, त्याच्या बोलण्याकडे मात्र थोरांनीही कान द्यावेत.