मोज्यांत चांदी कशाला?

मोजे, बनियन, फ्रिज, वॉशिंग मशीन, टूथब्रश, मास्क, भिंतीचा रंग. यातल्या कशावरही आजकाल 'नॅनो सिल्व्हर' असं लिहिलेलं सापडतं, आणि खाली एक ओळ हमखास असते: ९९.९ टक्के जंतूंचा नाश. रुग्ण विचारतात, "डॉक्टर, थोडे महाग आहेत, पण घेतलेले बरे ना?" माझं उत्तर आहे, नाही. निरोगी माणसाच्या घरात या चांदीचं काही काम नाही, आणि ती अशी उधळणं मला धोक्याचं वाटतं.

आधी ही चांदी करते काय ते पाहू. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साधारण १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांना नॅनोकण म्हणतात. कण जितका बारीक तितका त्याचा उघडा पृष्ठभाग जास्त, आणि त्यावरून चांदीचे आयन तितके जास्त सुटतात. जंतू मारतात ते मुख्यतः हे आयन. जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाला ते चिकटतात, त्याचं आवरण बिघडवतात, श्वसनाची यंत्रणा बंद पाडतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली हे कण ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात तपासले. तिथे आयन सुटले नाहीत, आणि जिवाणूही मेले नाहीत. म्हणजे 'नॅनो' या शब्दात जादू नाही. हे जंतूंसाठी हळूहळू सुटणारं विष आहे. विष म्हटलं की प्रश्न येतो मात्रेचा आणि जागेचा.

योग्य जागा आहेत, त्या नाकारत नाही. भाजलेल्या जखमांवर चांदी जुनीच. १९६८ साली आलेलं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ते रोज पुसून पुन्हा लावावं लागतं. भाजलेल्या लहान मुलाचं ड्रेसिंग बदलताना शेजारी उभं राहिलेल्या आईला ते काय असतं हे सांगायला नको. नॅनोस्फटिकी चांदीचं ड्रेसिंग तीन-तीन दिवस जागेवर राहू शकतं. एवढ्या एका कारणासाठीही मी त्याच्या बाजूने आहे. पाण्याच्या फिल्टरमध्येही चांदीला अर्थ आहे, कारण तिथे मोजमाप आहे: भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चांदी चालत नाही.

मोज्यांना असलं मोजमाप कोण लावतं? ते ९९.९ टक्के येतात प्रयोगशाळेतून. अशा वस्तूंच्या कठीण पृष्ठभागांसाठी प्रचलित असलेल्या एका चाचणीत जंतूंचं द्रावण वर पातळ फिल्म झाकून ३५ अंशांवर, दमट हवेत २४ तास ठेवतात. तुमच्या फ्रिजच्या दाराला २४ तास कोण असं ओलं ठेवतं? घामात मीठ असतं, त्यातल्या क्लोराइडशी आयन बांधले जातात आणि बराच जोर तिथेच संपतो. शिवाय जंतू कमी झाले म्हणजे आजार कमी झाला असं नव्हे. ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत सात हजारांहून अधिक रुग्णांवर चांदीचा मुलामा दिलेले लघवीचे कॅथेटर वापरून पाहिले. २०१२ साली निकाल आला: संसर्गाचं प्रमाण साध्या कॅथेटरइतकंच, दोन्हीकडे साडेबारा टक्क्यांच्या आसपास. रुग्णालयात, नळी शरीरात असताना ही गत, मग बनियनकडून काय अपेक्षा ठेवायची?

बरं, चांदी मोज्यात टिकते तरी का? २००८ साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठात असे मोजे नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले. काहींतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. गेली कुठे? गटारात, जिथे जिवाणूंची वस्ती सर्वांत दाट.

माझा खरा राग इथे आहे. १९७५ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या जळीत विभागातली घटना प्रसिद्ध झाली. जखमांवर सिल्व्हर नायट्रेट वापरत होते, आणि तिथे चांदीला न जुमानणारा साल्मोनेला पसरला. तीन रुग्ण दगावले. तो जंतू ॲम्पिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉललाही दाद देत नव्हता. चांदीला तोंड देणारी जनुकं डीएनएच्या एका सुट्या कडीवर होती, आणि अशा कड्या एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणजे गटारातली थोडी थोडी चांदी अशा जंतूंना निवडून वाढवू शकते आणि सोबत प्रतिजैविकांचा प्रतिकारही पोसू शकते. पायाच्या वासासाठी आपण भाजलेल्या माणसाचं औषध बोथट करायचं का?

'कोलॉइडल सिल्व्हर'चे थेंब पिणाऱ्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या एफडीएने १९९९ सालीच सांगितलं की असे उपाय सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत. दीर्घकाळ प्यायल्यास त्वचा निळसर-राखाडी होते आणि तो रंग सहसा जात नाही. (काजूकतलीवरच्या वर्खाने कोणी निळं होत नाही, सणाला खुशाल खा. रोजचा चमचा वेगळा.)

सगळ्यांत काळजी वाटते ती मधुमेही रुग्णांची. चांदीचे मोजे घातले की पाय सांभाळला गेला असं त्यांना वाटतं. तुमच्या पायाला संवेदना कमी असेल तर रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा, दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. मोजे साधे सुती घ्या, रोज धुवा, उन्हात वाळवा.

आणि तरीही चांदीचेच घ्यायचे असतील तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: यात चांदी किती मिलिग्रॅम आहे, आणि दहा धुण्यांनंतर किती उरते? उत्तर मिळालं तर मलाही कळवा.