विश्लेषण : साधा सोडा की ‘शुगर-फ्री’ कोल्ड्रिंक? दहा रुपयांच्या बाटलीमागचे गणित

मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की बसस्थानक आणि स्टेशन रोडच्या परिसरात रसवंतीबरोबरच सोड्याच्या गाड्यांवरही गर्दी होते. कुणाला जिरा सोडा लागतो, कुणाला लिंबू पिळलेला, कुणाला नुसता खारा. आता दुकानाच्या फ्रीजमध्ये आणखी एक बाटली दिसू लागली आहे. तिच्यावर ‘झिरो शुगर’, ‘नो शुगर’ किंवा ‘डाएट’ असे लिहिलेले असते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा माल मोठ्या शहरांतील मॉलमध्ये, महागड्या कॅनमध्ये मिळायचा. २०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा हा जुना ब्रँड २०० मिलीला १० रुपये या दराने पुन्हा बाजारात उतरवला आणि दरयुद्ध सुरू झाले. २०२५ मध्ये कोका-कोला आणि पेप्सिको यांनी साखर नसलेली पेयेही १० रुपयांच्या छोट्या बाटलीत आणली. त्यामुळे ‘साधा सोडा घ्यावा की डाएट सोडा’ हा एरवी पुण्या-मुंबईच्या जिममध्ये चर्चिला जाणारा प्रश्न आता जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या टपरीपर्यंत पोहोचला आहे.

‘शुगर-फ्री’ म्हणजे शुगरवाल्यांसाठी?

गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच होते. मराठवाड्यात ‘त्यांना शुगर आहे’ म्हणजे त्यांना मधुमेह आहे. त्यामुळे बाटलीवरचे ‘शुगर-फ्री’ हे शब्द अनेक घरांत ‘शुगर असलेल्यांनी प्यायची बाटली’ असे वाचले जातात, जणू ते औषधच. कंपनी तसा दावा करत नाही. पण लग्नाच्या पंगतीत आजोबांसाठी मुद्दाम वेगळी बाटली आणली जाते, ती याच समजुतीतून. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे ही समजूत थोड्याथोडक्यांची नाही.

दोन्ही बाटल्यांत नेमके काय असते?

साधा सोडा म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवलेले पाणी. ‘स्पार्कलिंग वॉटर’ हे त्याचेच मॉलमधले नाव. काही महागड्या बाटल्यांत झऱ्याचे खनिजयुक्त पाणी असते, एवढाच फरक. आपल्याकडच्या अनेक सोडा बाटल्यांत थोडे सोडियमचे क्षारही घातलेले असतात. लेबलवर ‘आयएनएस ५००’ दिसले तर तो आपला खाण्याचा सोडा. साखर शून्य, कॅलरी शून्य.

डाएट कोलामध्ये गॅस आणि पाण्याशिवाय फॉस्फोरिक आम्ल, रंग, स्वाद, कॅफिन आणि साखरेऐवजी कृत्रिम गोडी असते. ही गोडी बहुतेक वेळा अस्पार्टेम, एसेसल्फेम पोटॅशियम किंवा सुक्रालोज यांची असते. लेबलवर त्यांचे क्रमांक अनुक्रमे ९५१, ९५० आणि ९५५ असे असतात. अस्पार्टेम साखरेपेक्षा सुमारे २०० पट गोड असल्याने चिमूटभरही पुरते.

तुलनेसाठी साखरेचा कोला पाहा. १०० मिलीमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलीची बाटली संपवली की पोटात ३० ग्रॅमच्या वर, म्हणजे सहा-सात चमचे साखर गेलेली असते. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जो रोज साखरेचा कोला पितो, त्याच्यासाठी डाएट बाटली ही एक पायरी खाली येणे आहे. जो आजवर पाणी, ताक किंवा साधा सोडा पीत होता, त्याने ‘हेल्दी’ म्हणून डाएट बाटली सुरू करणे म्हणजे नसलेली सवय लावून घेणे.

फसवी ठरू शकते ती ‘टॉनिक वॉटर’ची बाटली. दिसायला सोडा, नावात पाणी, पण नेहमीच्या टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइनबरोबर भरपूर साखर असते.

मग मधुमेह असलेल्यांनी काय घ्यावे?

दोन्ही पेयांनी रक्तातील साखर लगेच उसळत नाही. या एका निकषावर दोन्ही चालतात. पुढचा हिशेब मात्र वेगळा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढली : वजन नियंत्रणासाठी किंवा असंसर्गजन्य आजारांचा धोका कमी करण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नये. कारण असे, की कमी कालावधीच्या चाचण्यांत वजन थोडे घटलेले दिसते, पण वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत अशी गोडी जास्त घेणाऱ्यांमध्ये टाइप-२ मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते. यात गोडी हे कारण आहे की आधीच वजन वाढलेले लोक तिच्याकडे वळतात म्हणून तसे दिसते, हे पुरते सुटलेले नाही. म्हणूनच संघटनेने ही शिफारस ‘सशर्त’ ठेवली. शिवाय ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना ती लागू नाही, असेही त्यात म्हटले आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये हे शेवटचे वाक्य सहसा गाळलेले असते.

मधुमेहींसाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा सल्ला सरळ आहे. साखरेची असोत वा कृत्रिम गोडीची, दोन्ही पेयांऐवजी पाणी प्या. साधा सोडा हा पाण्याच्या सर्वात जवळचा. रक्तदाब असेल तर फक्त बाटलीवरील सोडियमचा आकडा पाहावा, आणि गाडीवर ‘मीठ कमी’ असे सांगावे.

एक धोका मात्र फारसा बोलला जात नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधी कधी एकदम खाली जाते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस गोंधळतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला लगेच १५ ग्रॅमच्या आसपास साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हा नेहमीचा नियम आहे. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली तरी चालते, किंवा अर्धा कप साखरेचे कोल्ड्रिंक. घाईत त्याच रंगाची ‘झिरो’ बाटली हातात आली तर तिचा काहीही उपयोग होत नाही. फ्रीजमध्ये दोन्ही शेजारी ठेवणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

कॅन्सरची भीती किती खरी?

जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला ‘२ बी’ गटात टाकले. त्याचा अर्थ ‘कदाचित कर्करोगकारक’, पुरावे मर्यादित. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही.

धोक्याचे माप दुसऱ्या तज्ज्ञ समितीने त्याच दिवशी दिले : दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलीग्रॅमपर्यंत. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलीग्रॅम अस्पार्टेम धरले, तर ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसात ९ ते १४ पेक्षा जास्त कॅन लागतील. म्हणजे महिन्यातून दोनदा डाएट कोला पिणाऱ्याने कर्करोगाच्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. फिनाइलकिटोन्यूरिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्यांना मात्र अस्पार्टेम वर्ज्य आहे, आणि तशी सूचना बाटलीवर असते.

मुलांच्या हातातले दहा रुपये

वरचेच गणित २० किलोच्या मुलासाठी मांडले की चित्र बदलते. त्याची मर्यादा ८०० मिलीग्रॅम, म्हणजे तेवढ्याच गोडीचे तीन-चार कॅन. १० रुपयांच्या बाटलीत पेय कमी, म्हणून गोडीही कमी. तरीही मोठ्यांइतकी मोकळीक मुलांना नाही, हे उघड आहे.

कृत्रिम गोडी असलेल्या पेयाच्या लेबलवर ‘मुलांसाठी शिफारस नाही’ अशी इंग्रजी ओळ असते. कॅफिन असेल तर तेही लिहावे लागते. प्रश्न असा, की २०० मिलीच्या बाटलीवर ही ओळ केवढ्या अक्षरांत असते आणि ती शाळेबाहेरच्या टपरीवर कोण वाचतो? मोठ्या कॅनचा ग्राहक निदान पैसे मोजताना विचार करायचा. दहाची नोट किंवा नाणे ही मुलांच्या खिशातली रक्कम आहे. दर खाली आणताना कंपन्यांनी ग्राहकाचे वयही खाली आणले आहे, इशारा मात्र होता तेवढाच बारीक राहिला.

पालकांच्या दृष्टीने ‘साखर नाही ना, मग पिऊ दे’ हा युक्तिवाद दातांपाशीही अडतो. सामू म्हणजे पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांचे वरचे कवच विरघळू लागते. साध्या सोड्याचा सामू ४ ते ५ च्या आसपास, तर डाएट कोलाचा ३ च्या आसपास असतो. मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लता दहा पट. साखर काढली तरी आम्ल तसेच राहते. सोडाही दिवसभर घोट-घोट पिणे दातांना चांगले नाही, पण दोन्ही एका पंगतीत बसत नाहीत.

हाडांबाबत २००६ च्या अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासात कोला नियमित पिणाऱ्या महिलांत खुब्याच्या हाडाची घनता कमी आढळली. कोला नसलेल्या फसफसणाऱ्या पेयांबाबत असा संबंध दिसला नाही. म्हणजे ‘गॅसने हाडे ठिसूळ होतात’ ही ऐकीव गोष्ट बाजूला ठेवायला हरकत नाही.

सरकारने कर लावताना काय ठरवले?

येथे फरक अगदी रुपयात दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखर, कृत्रिम गोडी किंवा स्वाद घातलेल्या फसफसणाऱ्या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. यातले काहीही न घातलेल्या साध्या सोड्यावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. २० रुपये छापील किमतीच्या डाएट बाटलीत सुमारे ५ रुपये ७१ पैसे कराचे, तर तेवढ्याच किमतीच्या सोड्यात जेमतेम ९५ पैसे.

या रचनेत एक विसंगतीही आहे. साखरेने भरलेला कोला आणि साखर नसलेला कोला, दोघांनाही सारखाच ४० टक्के. बिनसाखरेच्या पाण्याला नुसता लिंबाचा स्वाद दिला तरी तेच. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून साखरेच्या प्रमाणानुसार कर आहे. तेथे साखर कमी केली की कंपनीचा कर वाचतो, आपल्याकडे वाचत नाही. डाएट बाटली १० रुपयांना मिळते ती करसवलतीमुळे नव्हे, स्पर्धेमुळे.

आणि गाडीवरचा मसाला सोडा?

परभणीत खरी निवड बहुतेकदा या दोघांत नसतेच. ती असते जिरा, ऑरेंज, काला-खट्टा यांच्या नळांत. या सोड्यात गॅसच्या पाण्याआधी ग्लासात सिरप पडते. ते साखरेचे आहे, सॅकरिनचे आहे की दोन्हीचे, हे ग्लासावर लिहिलेले नसते. ‘सोडाच तर घेतला’ म्हणणारा मधुमेही येथे फसतो. लिंबू, चिमूटभर मीठ आणि साधा सोडा, सिरप नको, एवढे सांगितले की प्रश्न सुटतो.

दुसरी बाब पाण्याची. गॅस भरल्याने अशुद्ध पाणी शुद्ध होत नाही. गोटीची बाटली असो वा यंत्र, सोडा तेवढाच स्वच्छ, जेवढे त्यातले पाणी, बाटली आणि बर्फ. पॅकबंद बाटलीवर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक पाहता येतो. गाडीवर बर्फाचा रंग पाहावा. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर करण्याचा नियम २०१८ पासून आहे.

‘सोड्याने जेवण पचते’ हाही गोड गैरसमज. ढेकर येते ती पोटातल्या गॅसची, मटण काही त्याने लवकर पचत नाही. छातीत जळजळीचा त्रास असणाऱ्यांचा त्रास उलट वाढू शकतो.

उन्हातून आल्यावर काय?

सोड्याने शरीर कोरडे पडते, असे म्हणतात. २०१६ च्या एका प्रयोगात साधे पाणी, फसफसणारे पाणी, कोला आणि डाएट कोला यांतून शरीरात जवळपास सारखेच पाणी टिकल्याचे दिसले. पण घामावाटे गेलेले मीठ डाएट कोला भरून देत नाही. शेतात किंवा बांधकामावर दिवस काढलेल्यांसाठी मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत किंवा ओआरएस हेच योग्य. ओआरएस घेतानाही पुडी पाहून घ्यावी : जागतिक सूत्रानुसार लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या क्रेटमधली डाएट बाटली तर टाळलेलीच बरी. अस्पार्टेम उष्णतेत हळूहळू तुटते आणि गोडी उतरते. सावलीतली, ताज्या तारखेची बाटली मागावी. उन्हात काम करताना चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या किंवा अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर कोणतीही बाटली शोधत न बसता त्याला सावलीत घ्यावे, अंग ओले करावे आणि १०८ ला फोन करावा.