तारखेच्या आशेवर वाढणारी मुले

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याच्या आसपासच्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. मुकादमाची आगाऊ उचल घेतलेले कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि शाळकरी मुले आजी-आजोबांजवळ मागे राहतात. त्यांच्यापाशी मोबाइलही राहतो. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून पोटाला चिमटा काढून तो घेतला गेला. शाळा उघडल्या, मोबाइल हातातच राहिला. मुले दिवसभर गेम खेळतात अशी तक्रार आपण सारे पारावर बसून करतो. मला मात्र त्या खेळण्यापेक्षा त्यांच्या वाट पाहण्याची अधिक काळजी वाटते. जो गेम अजून आलेलाच नाही, त्याच्या तारखेसाठी ही मुले रात्री जागवतात, आणि ही तारीख कोण सांगतो, असे आपण त्यांना एकदाही विचारलेले नाही.

2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइल या गेमवर बंदी घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पबजीच्या कंपनीने भारतासाठी निराळा गेम आणणार असल्याचे जाहीर केले, पण तो कधी येणार हे सांगितले नाही. बीजीएमआय या नावाने तो आला 2 जुलै 2021 ला. मधल्या साडेसात महिन्यांत तारखा विकणाऱ्यांचा बाजार भरला. देवळाच्या ओट्यावर एका मोबाइलवर तीन डोकी टेकवून बसलेली मुले मी पाहिली आहेत. पडद्यावर लाल बाण, खाली ठळक अक्षरांत ‘तारीख फिक्स’. दहा मिनिटे व्हिडिओतला माणूस बोलत राहतो, ‘आतल्या सूत्रांचा’ हवाला देतो आणि शेवटी शुक्रवार सांगतो. शुक्रवार कोरडाच जातो. शनिवारी तोच माणूस नवा वार सांगतो आणि तीच तीन डोकी पुन्हा टेकतात. काल खोटे का बोललास, हा प्रश्न एकाच्याही तोंडून येत नाही. फ्री फायर या दुसऱ्या गेमच्या बाबतीत तर खुद्द कंपनीनेच 5 सप्टेंबर 2023 ही तारीख दिली, धोनीचा चेहरा पुढे केला आणि ऐनवेळी ‘काही आठवडे’ थांबायला सांगितले. त्या काही आठवड्यांची पुढे वर्षे झाली. जीटीए सिक्स हा गेम तर 2025 वरून 26 मे 2026 वर आणि तिथून 19 नोव्हेंबर 2026 वर ढकलला गेला. तो जाहीर झाला आहे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या महागड्या यंत्रांसाठी. तरीही ‘मोबाइलवर आला’ म्हणून त्याची फाइल गावोगाव फिरते.

ही फाइल म्हणजे नुसती फसवी आशा नाही. अनोळखी दुव्यावरून उतरवलेली एपीके फाइल मेसेज वाचण्याची परवानगी मागते. गेमच्या ओढीने मुलगा ती देऊन टाकतो. बँकेचा ओटीपी मेसेजमधूनच येतो आणि अनेक घरांत बापाचे खाते त्याच मोबाइलला जोडलेले असते. ज्या खात्यात उचलीचे पैसे आहेत, हंगामभर कोयता चालवून जे फेडायचे आहेत, ते असे उघडे पडते. पैसे गेले तर मुलगा भीतीने गप्प बसतो. आजीला पडद्यावरचे वाचता येत नाही. आईबाप फडात असतात. अफवा पिकवणाऱ्याला मात्र प्रत्येक पाहण्यामागे जाहिरातीचे पैसे मिळालेले असतात.

पण मुलांनी हे आंधळेपण बाजारातून आणलेले नाही. ते आपल्या घरचे आहे. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो असे कोणीतरी सांगितले आणि आपण वाट्या घेऊन रांगेत उभे राहिलो. त्याच वर्षी परळी-बीड-अहिल्यानगर रेल्वे मंजूर झाली. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत आपण तिच्या तारखा ऐकल्या आणि दर वेळी टाळ्या वाजवल्या. बीडपर्यंत गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. चुकलेल्या तारखेचा जाब मागायचा नसतो, हा संस्कार मुलांनी आपल्याच मांडीवर बसून घेतला. आणि ऐकलेले तपासायचे नाही, ही आपली सवय कुठवर जाते, हे धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवले. 1 जुलै 2018 ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले गेले. मूल पळवलेले कोणी पाहिले नव्हते. मोबाइलवर आले होते, एवढाच पुरावा. मारणारे आपल्याहून निराळ्या मातीचे होते असे मला म्हणवत नाही. आलेला मेसेज न वाचता पुढे ढकलणारा प्रत्येक हात त्या जमावाच्या जवळचा आहे.

आज गेमची तारीख शोधणारा मुलगा चार वर्षांनी पहाटे परळी रस्त्यावर भरतीसाठी धावू लागतो आणि पुन्हा तोच लाल बाण पाहतो: ‘भरती निघणार, जागा फिक्स’. कोरोनाच्या काळात लष्कराची भरती रखडली. 14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर होईपर्यंत कित्येकांचे वय उलटले होते. तोवर तारखा सांगणारे रोज तारखा सांगत होते. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीची फी भरायला बापाने पुन्हा उचल घेतली, आणि ‘सरकारची जाहिरात कुठे आहे, दाखव’ असे घरातल्या एकाही मोठ्या माणसाने म्हटले नाही. गेम न आल्याने मुलाचे काही बिघडत नाही, पण तारुण्याची वर्षे त्याला परत मिळत नाहीत.

हे बदलायला पैसा लागत नाही, आणि ते यंदाच्या हंगामात बदलता येईल. गाड्या भरण्याआधी शाळेत पालकांची बैठक घ्यावी आणि बँकेचे खाते मुलांच्या हातातल्या मोबाइलवरून काढून घ्यावे. वर्गात एक तास फळ्यावर दोन रकाने आखावेत: एकात कंपनीने स्वतः काय जाहीर केले, दुसऱ्यात व्हिडिओवाल्याने काय सांगितले. मुले ते आपल्याहून लवकर शिकतील. त्यानंतर तीच मुले भरतीची, रेल्वेची आणि आपल्या भाषणांमधली आश्वासने त्याच दोन रकान्यांत लिहू लागतील. तेव्हा त्यांना गप्प बसवायचे नाही, एवढी तयारी आपण मोठ्यांनी आधी करायची आहे.