पावसात कुत्री जातील कुठे?

चैत्रात पाऊस! पण अवकाळीचं आता कुणाला नवल उरलेलं नाही. आमच्या दोन कारवानी कुत्र्यांना मात्र सकाळचं फिरणं चुकवून चालत नाही. माळावर सशामागे धावणारी ही जात. घरात कोंडली की चपलाच काय, उशासुद्धा फाडतात. तेव्हा एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दोन साखळ्या, अशी आमची वरात निघते.

पाऊस आला की मोकाट कुत्री एसटी स्टँडवर, शाळेच्या व्हरांड्यात शिरतात. माझे दोघे ओढ घेतात, ती गुरगुरतात, आणि मधे अडकतात पहिल्या गाडीला आलेल्या बायका. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी नेमक्या याच जागा मोकळ्या करायला सांगितल्या. शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं. पकडलेलं कुत्रं निर्बीजीकरण, लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायचं, परत तिथे सोडायचं नाही. आदेश रास्तच आहे हो, पण निवारा आहे कुठे? आमच्या गावात तर नाही. मग कुत्री उचलून पलीकडच्या वस्तीत सोडतात, आणि तिथली पोरं भोगतात.

बरं, मोकाट म्हणतो त्यातली कितीतरी कुणाच्या तरी दारात भाकरी खाणारी. लसीचं विचारलं की, "छे, आमचं कुठलं? असंच येतं!" परवा बचत गटाच्या बैठकीत हात वर करायला सांगितले. कुत्रं पाळणाऱ्या नऊजणी, त्यातल्या दोघींनीच रेबीजची लस दिलेली. त्यात एक मी.