मोजून भरलेला बार

परवा सायंकाळी शेजारच्या मराठी घरातील एक विद्यार्थी वही घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, आई म्हणते, पोत्यात धान ठासून भर, बाबा म्हणतात, मी ठासून सांगतो. हे ठासणे आहे तरी काय?" त्याला उत्तर देता देता आमचे मन वारासिवनीकडील आजोळी जाऊन पोहोचले. तेथे माजघराच्या भिंतीवर ठासणीची बंदूक टांगलेली असे.

ठासणे म्हणजे दाबून भरणे. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधी, मग शिशाची गोळी घालावयाची आणि गजाने सारे तळाशी घट्ट बसवावयाचे. यालाच बार भरणे म्हणत. बार फुसका निघाला, बार उडवून दिला, असे आपण आजही सहज बोलतो. बंदूक मात्र आपल्यापैकी अनेकांनी हाताळलेलीही नसते.

आम्ही पाहिली तेव्हा ती बंदूक मुकी झाली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आजोबांनी शिकारीचे नाव सोडले होते. परंतु सोनाराचा एक लहानसा काटा त्यांनी जपून ठेवला होता. दारू ते मुठीने कधी भरत नसत, गुंजांनी तोलत. गावातले लोक हसत, तेव्हा ते म्हणत, "दारू जास्त झाली तर आपला हात जातो, कमी झाली तर जनावर जखमी होऊन हाकेवाल्याच्या अंगावर जाते." सुटीत ते आम्हां नातवंडांना मोहरीच्या दहा पुड्या बांधावयास लावीत. दहाही पुड्या काट्यावर सारख्या उतरल्यावाचून जेवावयास बसू देत नसत.

आजोबांना ठाऊक नसेल, पण त्यांच्या शंभर वर्षे आधी याच सातपुड्यात एक इंग्रज अधिकारी हाच विचार करीत हिंडला होता. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे त्याचे नाव. १८६२ मध्ये तो पचमढीच्या पठारावर पोहोचला. त्याचे 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तो वारला. शिकारी रायफल आणि तिची गोळी या विषयावरही त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, आपल्या रानात जनावर जवळून दिसते. तेथे गोल गोळी, नळीत हळू वळणारे आटे आणि दारूचा भरपूर बार हवा, म्हणजे गोळी सरळ जाते. अंतर मोजत बसावयास रानात सवड नसते.

दूरच्या निशाणाची गोष्ट वेगळी. एक हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, हे अंतर कापावयास रायफलच्या गोळीला सुमारे दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात ती कित्येक हात खाली येते. तिच्या वेगात सेकंदाला दहा मीटरांचा फरक पडला, तर शंभर यार्डांवर तो जाणवतही नाही. हजार यार्डांवर मात्र गोळी वीतभर वर किंवा खाली लागते. म्हणून अशा स्पर्धांतील अनेक नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात. झाडलेली पितळी पुंगळी ते साफ करतात, मापात आणतात, तिला नवी टोपी बसवतात, दारू ग्रेनमध्ये तोलतात आणि गोळी दर वेळी तेवढ्याच खोलीवर बसवतात. आपली एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. आणि त्या पुंगळीच्या पितळेत सत्तर टक्के असते तांबे, जे आपल्याच जिल्ह्यात मलाजखंडला निघते.

आपल्याकडे मात्र हा घरी बसून करण्याचा उद्योग नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनविण्यास परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. दारू चुकीला क्षमा करीत नाही. ७ जून २०१७ रोजी बालाघाटजवळ खैरी येथील फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही.

इतके सांगून झाल्यावर त्या मुलाला आम्ही १८७४ ची एक गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे अमेरिका आणि आयर्लंड यांचा सामना झाला. निशाणे ८००, ९०० आणि १००० यार्डांवर. आयरिश गड्यांच्या रायफली ठासणीच्या, अमेरिकनांच्या मागून काडतूस घालण्याच्या. अखेरच्या गोळीच्या वेळी अमेरिकेचा बोडाइन बाटली फुटून हात कापून बसला होता. त्याने रुमाल गुंडाळला आणि नेमका मध्यबिंदू टिपला. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. परंतु त्याआधी आयर्लंडच्या मिल्नरचीही एक गोळी मध्यबिंदूवरच लागली होती. फक्त निशाण शेजारच्याचे होते. तिला शून्य गुण मिळाले. त्याच गोळीचे चार गुण मिळते, तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते.

मुलगा खो खो हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही. आम्हांला कान्ह्याचा बारशिंगा आठवला. मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या त्या रानात १९७० च्या गणनेत अवघे ६६ बारशिंगे उरले होते. सारा दोष बंदुकीचा नव्हता, कुरणेही गेली होती. पण कित्येक पिढ्यांचे मोजून भरलेले, अचूक बार त्या कळपांवर सुटले होते, हेही खरेच. मग माणसाने बंदूक खाली ठेवली, कुरणे राखली, कुंपण घालून माद्यांना सुरक्षित जागा दिली, आणि आज ते कळप पुन्हा शेकड्यांनी दिसतात. या कामालाही मोहरीच्या पुड्यांइतकाच धीर लागला.

तोल सांभाळणे शिकवता येते. आजोबांनी ते आम्हांस शिकविले, आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो. परंतु समोरचे निशाण आपले आहे की नाही, हे ज्याचे त्यानेच पाहावयाचे असते. मुलाने वहीत 'ठासणे : दाबून भरणे' असे लिहून घेतले. जाताना मागे वळून त्याने विचारले, "सर, तो मिल्नर घरी जाऊन काय म्हणाला असेल हो?"

उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही त्याला म्हणालो, उद्या येताना पावभर मोहरी आण.