रॅमचे भाव आभाळाला, मग ३० हजारांत गेमिंग पीसी अपग्रेड करायचा तरी कसा?

शिरपूर जैनमधल्या एखाद्या पोरानं घरी सांगितलं की "पीसी अपग्रेड करायचाय, ३० हजार लागतील", तर घरच्यांच्या डोक्यात पहिला हिशोब सोयाबीनचा होणार. वाशिम जिल्ह्यात पैसा मोजायचं माप तेच. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे ३० हजार रुपये म्हणजे साडेपाच क्विंटलच्या वर सोयाबीन, आणि तेही हमीभाव मिळाला तर. बाजार समितीत भाव त्याच्या किती खाली होता हे शिरपूरकरांना सांगायची गरज नाही.

त्यामुळे हे पैसे चुकीच्या पार्टवर घालून चालत नाही. आणि पार्ट घ्यायला नेमकी हीच वेळ गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात वाईट आहे. वर्षभरापूर्वी यूट्यूबवर बघून ठेवलेली "बजेट गेमिंग पीसी"ची यादी आज दुकानात घेऊन गेलात तर दुकानदार आधी हसेल, मग रॅमचा भाव सांगेल.

सगळं गणित या रॅमनंच बिघडवलंय. २०२५ च्या मध्यापर्यंत १६ जीबी डीडीआर५ ची एक स्टिक चार-पाच हजारांत येत होती. वर्ष संपेपर्यंत ती पाच आकड्यांत गेली. जुनी डीडीआर४ तरी स्वस्त राहील असं वाटत होतं, पण कंपन्यांनी तिचं उत्पादनच आवरतं घ्यायला सुरुवात केल्यामुळे तीही चढली. मागोमाग एसएसडी महागली.

हे झालं कशामुळे? एआयमुळे. जगातली बहुतेक सगळी रॅम तीन कंपन्या बनवतात, कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरमधल्या चिप्सना एचबीएम नावाची वेगळी, महागडी मेमरी लागते. तेवढ्याच जीबीची एचबीएम बनवायला साध्या डीडीआर५ च्या साधारण तिप्पट सिलिकॉन वेफर खर्ची पडतात. कारखाने तेवढेच, नफा एचबीएममध्ये जास्त, मग आपल्या पीसीच्या रॅमसाठी उरणार काय? त्यात १ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयनं सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी करार जाहीर केला. त्यातला आकडा होता महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतचा. ३ डिसेंबरला मायक्रॉननं तर सरळ सांगून टाकलं की 'क्रुशल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करतोय. तीच क्रुशल, जी आपल्याकडे अर्ध्या बजेट पीसींमध्ये बसलेली असते.

आता तुम्ही म्हणाल, मायक्रॉनचा प्रकल्प तर गुजरातला साणंदला आहे ना? आहे, पण तिथलं काम चिपची जोडणी आणि चाचणीचं. मूळ वेफर बाहेरूनच येते. म्हणजे माल डॉलरमध्येच घ्यायचा, आणि डिसेंबर २०२५ मध्येच रुपया डॉलरला ९० च्या पार गेला. सप्टेंबरच्या जीएसटी कपातीचाही इथं उपयोग नाही. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आधीही १८ टक्क्यांत होते, आताही १८ टक्क्यांतच आहेत.

मग थांबायचं का? नवीन कारखाने उभे राहायला वर्षं लागतात आणि तंगी २०२६ च्या पुढेही राहील असं खुद्द मायक्रॉन सांगतेय. त्यामुळे दोन महिने थांबून भाव पडतील ही आशा सोडलेली बरी. पण नवा कोरा डीडीआर५ चा पीसी जोडायलाही ही वेळ नाही. आज शहाणपण यात आहे की तुमच्या डब्यात आधीच बसलेली रॅम जपायची आणि तिच्या आजूबाजूचं बदलायचं. दोन वर्षांपूर्वी "डीडीआर४ आता जुनं झालं" म्हणून हिणवलं जायचं. आज ज्याच्याकडे १६ जीबी डीडीआर४ आहे, त्याचा निम्मा अपग्रेड झालेला आहे.

पैसे खर्च करायच्या आधी एक फुकटचं काम करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, गेम चालू करा आणि ग्राफिक्स कार्डचा वापर किती टक्के दिसतो ते बघा. कार्ड सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर अडलंय कार्डापाशी. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी गेम अडखळतोय, तर बहुतेक वेळा प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय. ८ जीबीची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी जोडल्यावर दोन्ही चॅनेल चालू होतात आणि फरक लगेच जाणवतो. ही दुसरी स्टिक जुनी घेतली तरी चालते. सेकंड हँडमध्ये रॅम हा तपासायला सगळ्यात सोपा पार्ट, मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं की खरंखोटं कळतं. फक्त लॅपटॉपची रॅम घेऊन येऊ नका, ती डेस्कटॉपमध्ये बसत नाही.

शिरपूरसारख्या गावांत बऱ्याचदा पीसी म्हणजे रिफर्बिश्ड असतो. कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसातून निघालेला डेल नाहीतर एचपीचा डबा, आत चौथ्या ते सहाव्या पिढीचा आय५. अभ्यास, ऑनलाइन फॉर्म आणि गेम सगळं त्याच्यावरच. इथं मोठं ग्राफिक्स कार्ड आणणं म्हणजे पैसे पाण्यात. या डब्यांचा एसएमपीएस छोटा, कंपनीच्या खास मापाचा असतो आणि त्याला कार्डाची वेगळी पॉवर केबलच नसते. यावर सोपा इलाज म्हणजे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल. ते ७० वॅटवर चालतं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी केबल लागत नाही. डबा बारीक, आडवा असेल तर लो प्रोफाइल कार्ड मागा, नाहीतर झाकण बसणार नाही. प्रोसेसर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असेल तर मात्र त्यात एक रुपया घालू नका. एव्हीएक्स२ नसल्यामुळे काही नवे गेम त्यावर सुरूच होत नाहीत.

ज्यांच्याकडे एएमडीचा बी४५० बोर्ड आहे ते सगळ्यात नशीबवान. बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त बायोस अपडेट करून रायझेन ५ ५६०० बसतो. दुकानदार "तोच आहे" म्हणून ५५०० पुढे करेल, पण तो तोच नाही. ५६०० ला ३२ एमबी एल३ कॅश आहे, ५५०० ला १६, आणि गेममध्ये हा फरक दिसतो. इंटेलवाल्यांचं सोपं आहे. एच६१० बोर्डावर आय३ १२१०० असेल तर पुढे १२४०० किंवा १३४०० बसतो, दहाव्या पिढीचा एच४१० असेल तर तो बोर्ड दहाव्यातच संपतो.

बायोस अपडेट हे काम मात्र लाईट जायची शक्यता असताना करू नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड मरू शकतो. यूपीएसवर लावा, लोडशेडिंगची वेळ टाळा, पावसाळी वाऱ्यात तर नकोच.

नव्या कार्डाचा भाव योग्य आहे का हे ताडायचं एक साधं गणित आहे. अमेरिकेत जाहीर केलेली किंमत टॅक्स सोडून असते. तिला डॉलरच्या भावानं गुणा आणि वर १८ टक्के लावा. आरटीएक्स ५०६० जाहीर झाला २९९ डॉलरला. ९० नं गुणलं की २६,९१०, जीएसटी धरून ३१,७५४ रुपये. याच्या आसपास मिळालं तर ठीक, ३८ हजार सांगितले तर कोणीतरी तुमचं मीठ खातंय. इंटेलचा १२ जीबीवाला बी५८० याच हिशोबानं साडेसव्वीस हजारांच्या आसपास येतो आणि दिसायला फार मोहक आहे. पण जुन्या प्रोसेसरसोबत तो बराच घसरतो आणि रिसायझेबल बार चालू नसेल तर घेऊच नये. ज्यांना पुढची तीन-चार वर्षं कार्ड बदलायचं नाही त्यांनी शक्य असेल तर १६ जीबीच्या आरएक्स ९०६० एक्सटीपर्यंत ताणावं, गणितानं तो ३७ हजारांत बसतो. नुसतं व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचं असेल तर एवढ्याची गरज नाही, आरएक्स ६६०० पुरतो.

आता ३० हजारांतून कार्ड घेताना एसएमपीएससाठी पैसे उरत नाहीत, आणि इथंच घात होतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या बिनब्रँडच्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण तेवढा भार तो पेलेलच याची कोणीच हमी देत नाही. ५०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटचा सुचवते. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झवाला एसएमपीएस घ्या आणि त्यासाठी गरज पडली तर कार्ड एक पायरी खालचं घ्या. फुटकळ एसएमपीएस जळताना एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो. ६०० व्हीएच्या यूपीएसवर विसंबू नका, ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. शिवाय मे महिन्यात विदर्भात पारा ४४ च्या पुढे असतो. त्या खोलीत पीसी गरम होऊन स्वतःच वेग कमी करतो आणि आपण समजतो कार्ड जुनं झालं. धूळ झाडून थर्मल पेस्ट बदलायला काहीशे रुपये लागतात. अनेकांचा अपग्रेड इथंच होतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून घाबरवणारेही भेटतील. घरच्या ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, तेवढ्यासाठी आज बोर्ड फेकायची गरज नाही. ऑगस्टमध्ये आलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदाही पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, पीसीवरच्या या गेमशी त्याचा संबंध नाही.

खरेदी लॅमिंग्टन रोडवरून करा, नागपूरहून करा किंवा ऑनलाइन, वॉरंटीत पार्ट कुठे पाठवावा लागेल हे आधी विचारा. पाचशे रुपये वाचवून कार्ड मुंबईला कुरिअर करायला लागलं तर काय कमावलं? पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, बदलून मिळायची मुदत मोजून सात दिवस असते. आणि पत्ता लिहिताना जपा. शिरपूर म्हटलं की लोकांना धुळ्याचं आठवतं, मालेगाव म्हटलं की नाशिकचं. आपलं गावही दुसऱ्या नंबरचं आणि तालुकाही. त्यामुळे 'शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम' एवढं पूर्ण लिहा, पिनकोड दोनदा तपासा, आणि पार्सल घरी आल्यावर आधी बिलावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबरशी जुळवून घ्या.